लोणंदच्या मार्केटमधून पेशवे दफ्तरात

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिली मी. अण्णा लोणंदच्या कांदा मार्केटमध्ये हमाल. आई हंगामाप्रमाणे कांदा काढणीला, खुरपणीला रोजाने जायची. दोघांनीही माझ्या शिकण्याला कधी आडकाठी केली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'घरच्यांचा विरोध पत्करून' अशी गोष्ट लोकांना माझ्याकडून ऐकायची असते आणि ती माझ्याकडे नाही. माझी अडचण वेगळी होती. पुढची पायरी कोणती, तिचा फॉर्म कुठे मिळतो, शेवटची तारीख कधी असते, हे आमच्या घरात, भावकीत, आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांचा मामा प्राध्यापक असतो त्यांना हे जेवता जेवता कळतं. मी ते नोटीस बोर्डावरून, झेरॉक्सच्या दुकानातून आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या पोरींकडून गोळा केलं.

बी.ए. फलटणला केलं, एसटीच्या पासावर. इतिहास घेतला, कारण सर छान शिकवायचे आणि भूगोलाला प्रॅक्टिकलचा खर्च वेगळा होता. याहून उदात्त कारण नव्हतं. तिसऱ्या वर्षाला असताना सरांनी विचारलं, "एम.ए.चं काय ठरवलंय?" मी म्हटलं, बाहेरून फॉर्म भरीन. ते म्हणाले, "बाहेरून कशाला? विद्यापीठात जा, डिपार्टमेंटला." विद्यापीठात वर्ग भरतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर माझ्या लेखी विद्यापीठ म्हणजे पेपर काढणारं, निकाल लावणारं आणि गुणपत्रिकेवर शिक्का मारणारं एक ऑफिस होतं. आमच्या गुणपत्रिका कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. पण लोणंदहून रेल्वेनं पुणं जवळ, आणि चुलत्यांचे एक ओळखीचे हडपसरला होते. एवढ्या आधारावर पुणं ठरलं.

विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. जुन्या विद्यापीठाकडून ते काढायचं, नव्या विद्यापीठात पात्रतेचा अर्ज करायचा, मग प्रवेश कायम. २००८ साली हे सगळं मला प्रवेश घ्यायला उभी असताना खिडकीपलीकडच्या बाईंकडून समजलं. त्या वैतागलेल्या होत्या, पण त्यांनी एका कागदाच्या पाठीमागे क्रमानं लिहून दिलं: आधी टीसी, मग मायग्रेशन, मग पात्रता, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा. पुढे कितीतरी मोठ्या विद्वानांनी मला सल्ले दिले, पण त्या पाठकोऱ्या कागदाइतका उपयोगी कुठलाच निघाला नाही.

पहिल्या यादीत हॉस्टेल लागलं नाही. मग तालुक्यातल्याच एका मुलीच्या खोलीत पॅरासाइट म्हणून राहिले. पुण्याच्या हॉस्टेलांत हा शब्द सर्रास चालतो, कुणाला त्यात वाईट वाटत नाही. दोन कॉटांच्या मध्ये गादी टाकायची आणि रेक्टर मॅडम फेरीला आल्या की बाथरूममध्ये जायचं. कमवा आणि शिका योजनेत नाव घातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांत रुजवलेली ही कल्पना पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावानं चालते. तासावर काम, तासावर पैसे. मला पुस्तकांची धूळ पुसून पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. वर्गात शिक्षक एखाद्या पुस्तकाचं नाव घ्यायचे तेव्हा आत काय आहे हे मला माहीत नसायचं, पण ते कोणत्या कपाटात आहे, बांधणी सुटलीय का, एवढं सांगता यायचं.

इंग्रजीबद्दल लिहावं लागेल. वर्गातलं बोलणं मराठीत चाले, वाचायची यादी मात्र जवळजवळ सगळी इंग्रजी. एक प्रकरण वाचायला आठवडा जायचा. डिक्शनरीत शब्दाचा अर्थ सापडे, वाक्याचा सापडत नसे. यावर मी शोधलेला उपाय फार हुशारीचा नव्हता. जयकर ग्रंथालयात जुने मराठी प्रबंध काढून बसायचं. त्यात इंग्रजी पुस्तकांचे आधार तळटिपांत असत. म्हणजे वर मराठीत मुद्दा आणि खाली तो कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावरून आला ते. मग ते इंग्रजी पान उघडायचं. मुद्दा आधीच कळलेला असल्यानं वाक्यं हळूहळू सुटायला लागत. तळटीप कशी द्यायची हेही असंच शिकले, वर्गात कुणी शिकवलं नाही. हे येतच असणार असं शिक्षकांनी धरलेलं असतं, आणि ज्यांना येत नाही त्यांना विचारायची लाज वाटते.

नेट-सेटचं नाव मेसच्या रांगेत कानावर आलं. मला वाटलं, काहीतरी कॉम्प्युटरचं असेल. एम.ए. पुरेसं नसतं, कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट लागते, आणि नेटमध्येच वरचे गुण पडले तर जेआरएफ, म्हणजे संशोधन करायला दरमहा पैसे, हे एका सीनियर ताईनं भात वाढून घेता घेता सांगितलं. एम.ए. झाल्यावर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन राहिले, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासली आणि अभ्यास केला. तेव्हा नेटचा तिसरा पेपर लेखी असायचा, दीर्घोत्तरी. त्याचीच तयारी केली आणि जून २०१२ पासून तो पर्यायी प्रश्नांचा झाला. लिहायचा सराव वाया गेला, पण वाचलेलं उपयोगी पडलं. जेआरएफ मिळाली.

घरी फोन केला. महिन्याला सोळा हजार, पाच वर्षांपर्यंत, पुढे वाढतात. अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत कधीपासून द्यायचं?" त्यांना ते कर्ज वाटलं. सरकार शिकायला पैसे देतं आणि परत मागत नाही, हे पटवायला माझ्या धाकट्या भावाला मध्ये घालावं लागलं. तो तेव्हा टेम्पोवर होता आणि त्याला माझ्याहून जास्त किंमत होती. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला आले नाहीत. साचायचे आणि एकदम यायचे. तोवर मेसवाल्या काकूंकडे उधारी. मोठी रक्कम हातात आली की उधारी फेडायची, घरी पाठवायचे आणि उरलेल्यावर पुढचा दुष्काळ काढायचा. फेलोशिपवर चैन चालते असं समजणाऱ्यांनी एकदा त्या काकूंची वही पाहावी.

लग्नाची स्थळं याच काळात यायला लागली. "पीएच.डी. म्हणजे आजून किती वर्सं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे बरीच स्थळं आपोआप गेली.

पीएच.डी.ला प्रवेश परीक्षा, मुलाखत, गाईडकडे जागा शिल्लक असणं, विषयाला समितीची मान्यता, मग कोर्सवर्क, मग दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. हे क्रमानं लिहिलं की सोपं वाटतं. माझ्या गाईड मॅडम कडक, पण एका बाबतीत त्यांचे उपकार आहेत: त्यांनी विषय दिला नाही. "तुम्ही आणा," म्हणाल्या. मी बाजारपेठा म्हटलं. अठराव्या शतकातल्या पेठा कशा वसल्या, त्यांना कौल, म्हणजे सरकारचं सवलतींचं लेखी आश्वासन, कसा मिळायचा, शेटे-महाजनांचे, म्हणजे पेठेच्या वतनदार प्रमुखांचे हक्क काय, जकात कोण घ्यायचं. डिपार्टमेंटमध्ये मराठ्यांच्या लढायांवर बोलणारे पुष्कळ होते. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी बाजारात काय काय घडतं हे पाहिलेलं मात्र माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मॅडमनी विचारलं, "मोडी येते?" नाही म्हटलं. "मग आधी मोडी, बाकी नंतर."

भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला बसले. वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभारलेली ही संस्था. वर्गात निवृत्त बँकवाले, वकील, एक ज्योतिषी आणि मी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नसतो. अक्षर ओळखता येणं आणि कागद वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातली मोडी महिन्या-दोन महिन्यांत येते. कारकुनाची मोडी यायला त्या कारकुनाशी ओळख व्हावी लागते. एक कारकून 'स'ची शेपटी इतकी ओढायचा की पुढचं अक्षर त्यात बुडून जायचं. वर्षभरानं त्याचं अक्षर दिसलं की मला हायसं वाटायला लागलं, कारण तो निदान नेहमी एकाच रीतीनं वाईट लिहायचा.

पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, ते स्टेशनपासून लांब नाही. विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र, अर्ज, मग मागणीची चिठ्ठी. सूचीत विभाग दिसतात: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी. सूचीवरून आत नेमकं काय आहे याचा अंदाज येतोच असं नाही. मागितलेलं येतं ते रुमालात. रुमाल म्हणजे खरोखरच कापडात बांधलेलं गाठोडं. गाठ सोडली की आत कागदांची पुडकी, काही जागी वाळवीनं खाऊन जाळी झालेली, आणि जुन्या कागदाची धूळ घशात जाते ती संध्याकाळपर्यंत राहते. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात याच दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. एवढे खंड निघूनही न वाचलेले रुमाल कितीतरी. पहिल्या दिवशी मला एका ओळीतला फक्त आकडा लागला. तारीख लागायला आठवडा गेला. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार. त्या कागदांत चालणारा सुहूर सन, ११७१. त्यात ५९९ मिळवायचे, की इसवी १७७० येतं. हा सन मृगापासून सुरू होतो, पेरणीच्या हिशोबानं, म्हणून जानेवारीनंतरच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. पेरणीपासून वर्ष धरणं आमच्या घरी कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा अण्णांना सांगत होते. जकातीत थळभरीत असायचं आणि थळमोडही असायचं; माल भरला तिथे एक, विकला तिथे दुसरी. अण्णा पाय चेपत बसले होते. म्हणाले, "म्हंजे चढवतानाबी आन् उतरवतानाबी. आताबी तसंच हाय. हमाली, तोलाई, वाराई, समदं पट्टीतनं कापत्यात." मग विचारलं, "आन् त्यात हमालाचं काय लिवलंय?"

मी शोधलं नव्हतं. परत आल्यावर उतरवून घेतलेले कागद पुन्हा काढले. जकातीच्या हिशोबात बैल मोजलेला असतो, त्याच्यावरची गोणी मोजलेली असते, मालाचा प्रकार असतो, कुणाला किती माफ हे असतं. गोणी बैलावर चढवणारा माणूस फार क्वचित दिसतो. माझ्या सगळ्या टिपणांत तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नसला तर नसला असं लिहून मोकळं होता येणार नाही. दुसरीकडे कुठे असेल ते बघा." तो सापडला वेठबेगारीत. पेठ वसवायला येणाऱ्यांना कौल देताना त्यात वेठबेगार माफ असल्याचं कलम असायचं, आणि ज्यांना ती माफ नव्हती त्यांच्या तक्रारी असायच्या. ओझं वाहणारा माणूस व्यापाराच्या कागदात येत नाही. सरकारनं फुकट राबवलं आणि त्यानं कुरकुर केली तर येतो. प्रबंधाचं चौथं प्रकरण यातून उभं राहिलं. अण्णांना सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही.

खुल्या मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच धरलं. बिगारी आणि हमाल एक कसे? एकाला मजुरी नाही आणि दुसऱ्याला आहे, मग एकाच्या कागदावरून दुसऱ्याबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, माणसं तीच असावीत असा माझा अंदाज आहे आणि प्रबंधात मी तो अंदाज म्हणूनच लिहिलाय. खात्रीचा पुरावा दोनच ठिकाणी आहे. त्यांनी मान डोलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. माझंही पुरतं झालेलं नाही. आई-अण्णा मागच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "त्यो मानूस भांडत का हुता?"

२०१८ मध्ये नावाआधी डॉ. लागलं आणि फेलोशिप संपली. पुढची चार-पाच वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. त्यावर फार लिहायची इच्छा नाही, कारण महाराष्ट्रात हजारो जण तेच जगतायत आणि ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायची गरज नाही. दर जूनमध्ये नवी मुलाखत, तेव्हा तासाला पाचशे रुपये, तेही सत्र संपल्यावर बिल मंजूर झालं की एकदम. सुट्टीचे नाहीत, पेपर तपासायला घालवलेल्या रात्रींचे नाहीत. मी दोन कॉलेजं धरली होती, एसटीचं भाडं वजा जाता काय उरतं ते भाऊ विचारायचा आणि मी विषय बदलायची. २०२० मध्ये टाळेबंदी आली, वर्ग फोनवर गेले, आणि भरती पुन्हा थांबली. सरकारनं २०१७चा आकृतिबंध, म्हणजे पदांचा मंजूर आराखडा धरून सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला मान्यता दिली होती, ती पुरी भरायच्या आतच.

जाहिराती निघायच्या तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लहान टायपात. संस्था, विषय, बिंदुनामावलीप्रमाणे आरक्षण. अर्जाच्या प्रती, प्रत्येकीला सगळ्या कागदांची झेरॉक्स, साक्षांकन. त्यात शोधनिबंधांचे गुण. गुण हवेत म्हणून पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेसेज फोनवर येत असतात, रेटकार्डासकट. मी त्या वाटेला गेले नाही, पण जे गेले त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याचं वय चाळिशीकडे चाललंय आणि ज्याला एका गुणानं यादीतून खाली ढकललंय, त्याला नीतीचा धडा देणारी मी कोण?

एका संस्थेत मुलाखत छान झाली. विषयतज्ज्ञांनी मोडीचा कागद पुढे ठेवला, तो मी वाचून दाखवला. बाहेर आले तर एक गृहस्थ चहा घेऊन आले, गावाची, घरची चौकशी केली आणि म्हणाले, "मॅडम, तयारी कितपत आहे?" मी म्हटलं, दहा वर्षं अभ्यास करतेय. ते हसले. "तसली तयारी नव्हे." मग अर्थ लागला. त्यांनी आकडा सांगितला, तो आमचं राहतं घर विकूनही जमला नसता. हेही घरात कुणी आधी सांगून ठेवलेलं नव्हतं. ज्यांना माहीत असतं ते जमीन विकायची की नाही याचा विचार मुलाखतीच्या आधीच करून येतात. मी चहा संपवला आणि स्टँडवर गेले. अण्णांना जागा भरली गेली एवढंच सांगितलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या ३,५८० पैकी उरलेली २,०८८ पदं भरायला पुन्हा मान्यता मिळाली. त्यातलं एक पद सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात निघालं. तिथे कुणी चहा घेऊन आलं नाही. असंही होतं, आणि हेही लिहायला हवं, नाहीतर वाचणारी पोरं अर्जच करायची नाहीत. निवड झाली, मग विद्यापीठाची मान्यता, सहसंचालक कार्यालयाची मान्यता, सेवार्थ या सरकारी पगाराच्या प्रणालीत नाव. तोवर पगार नाही. पाच महिने पुन्हा उधारी, फक्त या वेळी उधार देणारे हसून देत होते. मूळ वेतन ५७,७००. अण्णांनी कामाचे तास विचारले. आठवड्याला सोळा तास शिकवायचं म्हटल्यावर त्यांनी दोनदा खात्री करून घेतली की मी दिवसाचे सांगत नाहीये. बाकीच्या वेळात नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेश समिती, एनएसएसचं शिबिर आणि परीक्षा विभाग हे सगळं असतं, पण ते मार्केटमध्ये सांगून उपयोग नव्हता. सोळाचा आकडा तोवर गाळ्यागाळ्यांत पोचला होता.

माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी पदवीधर नाही. त्यांना प्रेरणा वगैरे द्यायला मी जात नाही, ते काम मोबाइलवर भरपूर चालू असतं. तिसऱ्या वर्षाला ऑगस्टमध्ये एक तास घेते, अभ्यासक्रमाबाहेरचा. फळ्यावर फक्त तारखा आणि कागद: एम.ए.च्या प्रवेश परीक्षा कुठे-कुठे असतात, विद्यापीठ बदललं तर मायग्रेशन, उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेयरचा दाखला केव्हा काढून ठेवायचा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेला तर काय करायचं, नेट वर्षातून दोनदा असते, सारथी, बार्टी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था कुणासाठी आहेत. पोरं फोटो काढून घेतात. गेल्या वर्षी एकीनं विचारलं, "मॅडम, गाईडला पहिल्यांदा भेटायला जाताना काही न्यावं लागतं का?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मीही मॅडमकडे पहिल्यांदा जाताना पेढे नेले होते आणि त्यांनी ते ऑफिसात वाटून टाकले होते. तिला म्हटलं, दोन पानांचं टिपण ने.

चौथ्या प्रकरणावरून इंग्रजीत एक निबंध लिहून पाठवला होता. तो दुरुस्त्या मागून परत आलाय. दोन्ही परीक्षकांना मुद्दा आवडला, पण दुसऱ्याचं म्हणणं असं की सगळा पुरावा पुण्याच्या आसपासच्या पेठांचा आहे. कऱ्हाड, वाई, पंढरपूर इकडचे कागद पाहिल्याशिवाय एवढं मोठं विधान करू नये. बरोबर आहे. मागणीच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात, सत्र संपलं की पुण्याला जायचं. परीक्षा विभागानं त्याच आठवड्यात पर्यवेक्षणाची ड्यूटी लावलीय, ती बदलून घ्यायला प्राचार्यांकडे अर्ज केलाय.